"हितोरी देस": एकटीने जपान फिरताना रोजचा दिवस कसा लावायचा

जपानमध्ये कुठल्याही छोट्या हॉटेलात शिरलं की दारातच एक प्रश्न येतो, "नान्मेइसामा देसुका?", म्हणजे किती जण आहात. पहिल्या संध्याकाळी मी नुसतं एक बोट वर केलं आणि मनातून तयारच होते की आता तो चेहरा बघायला मिळणार, आपल्याकडे बघायला मिळतो तो, "एकट्याच? बरोबर कोणी नाही?" वाला. तसं काहीच झालं नाही. काउंटरमागच्या काकूंनी एक स्टूल मागे ओढलं, पर्स ठेवायला पायाशी बास्केट सरकवली, गरम चहा ठेवला आणि परत आपल्या कामाला लागल्या. एक माणूस म्हणजे हितोरी. "हितोरी देस" म्हणजे मी एकटी आहे, बस. पुढचे १३ दिवस मी हे वाक्य रोज चार-पाच वेळा म्हटलं आणि दर वेळी एक खुर्ची मिळाली.

मी ठाण्याची, वय ४६, जपानी येत नाही, मासे-मटण खात नाही पण अंडं खाते. नोव्हेंबरमध्ये जाऊन आले तेव्हापासून मैत्रिणी, वहिनी, ऑफिसमधल्या मुली सगळ्या तेच तेच विचारतायत, म्हणून एकदा सगळं नीट क्रमाने लिहून काढतेय. काय बघायचं याच्या याद्या ढिगाने मिळतात. रोज सकाळी रूमबाहेर पडल्यापासून रात्री परत येईपर्यंत काय काय करावं लागतं ते मात्र कोणी सांगत नाही, आणि खरी मजा मला तरी त्यातच आली.

आधी रूट, मग तिकीट

टोकियोत उतरा आणि ओसाकाजवळच्या कान्साई एअरपोर्टवरून परत या. जाऊन-येऊन टोकियोच घेतलं तर शेवटचा एक दिवस आणि साधारण १४,००० येन उगाच परतीच्या बुलेट ट्रेनमध्ये जातात. माझं असं होतं: टोकियो ५ रात्री, क्योतो ४, कोयासान (डोंगरावरचं मठांचं गाव) १, ओसाका २. एकट्या माणसाने दर दोन दिवसांनी हॉटेल बदलू नये असं माझं ठाम मत आहे, कारण बॅग सांभाळायला दुसरं कोणी नसतं, टॉयलेटला जायचं तरी ती घेऊन जावी लागते.

एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा म्हणजे गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यावर ओबोन, म्हणजे पितरांचा सण, आणि नवीन वर्षाची सुट्टी, या तीन वेळा टाळा, अख्खा देश तेव्हा फिरायला निघतो. नोव्हेंबर मला फार आवडला, मेपलची पानं लाल होतात, हवा थंड पण सोसवणारी. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, नोव्हेंबरअखेर टोकियोत सूर्य साडेचारला मावळतो, आणि देवळं-बागा बऱ्याचशा चार-पाचलाच बंद होतात. आपल्या सवयीने दहाला नाश्ता करून निघालात तर दिवस संपलाच म्हणून समजा. मी रोज साडेसहाला बाहेर असायचे. आपली घड्याळं त्यांच्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे पहिले दोन दिवस झोपेच्या हिशोबाने पहाटे तीनला उठल्यासारखं वाटतं, नंतर अंगवळणी पडतं.

व्हिसा लागतोच. २०२४ च्या एप्रिलपासून भारतीय टुरिस्टना ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएसच्या सेंटरवरच द्यायचा, बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, तिकिटाचं बुकिंग आणि दिवसवार प्रोग्राम लागतो. प्रोग्राम खरा लिहा, कुठल्या तारखेला कुठल्या हॉटेलात ते जुळायला हवं. ई-व्हिसा एअरपोर्टवर फोनमध्ये ऑनलाइन उघडून दाखवायचा असतो, प्रिंटआउट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, त्यामुळे ई-सिम घरूनच घेऊन ठेवा आणि उतरल्या उतरल्या चालू करा. व्हिजिट जपान वेब नावाची सरकारी साइट आहे, तिथे पण घरी बसून माहिती भरून क्यूआर कोड काढून ठेवला की इमिग्रेशन-कस्टम्सचं काम झटपट होतं.

बॅगेत काय

प्लग दोन चपट्या पिनांचा आणि वीज १०० व्होल्ट, आपला फोन-लॅपटॉपचा चार्जर चालतो, फक्त अडॅप्टर न्या. पण केस वाळवायचा ड्रायर किंवा पाणी गरम करायची कॉइल नेऊ नका, २३० व्होल्टची वस्तू तिथे नीट चालत नाही आणि ड्रायर-किटली बहुतेक रूममध्ये असतेच.

खाण्याचं नेताना मांस आणि ताजी फळं-भाज्या अजिबात नको. कढीपत्त्याची जुडी, लिंबं, आंबे, काही नाही. मी भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि गरम पाणी घालून होणारी उपम्याची पाकिटं नेली. औषधांचं नीट बघा, सर्दी-खोकल्याच्या औषधात सुडोएफेड्रिन किंवा कोडीन असेल तर त्यावर तिकडे कडक नियम आहेत, निघायच्या आधी डॉक्टरांना नावं दाखवून पर्याय मागून घ्या. रोजच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन बरोबर ठेवा.

शूज असे घ्या की पटकन काढता-घालता येतील, कारण देवळं, जुनी घरं, काही हॉटेलं, ट्रायल रूमसुद्धा, सगळीकडे काढावे लागतात, आणि मोजे न फाटलेले. एक छोटा नॅपकिन रोज पर्समध्ये हवा, खूप टॉयलेटमध्ये हात पुसायला काही नसतं. एक कॅरीबॅग कचऱ्याला, कारण रस्त्यावर डस्टबिन दिसत नाहीत, १९९५ ला टोकियो मेट्रोत विषारी वायूचा हल्ला झाला त्यानंतर ठिकठिकाणचे डबे काढून टाकले गेले. आपला कचरा आपल्या पर्समध्ये, रात्री रूमवर टाकायचा.

पैसे

एक येन म्हणजे साधारण ५५-६० पैसे धरा, जायच्या आधी रेट बघा. मनातल्या मनात हिशोब करायला किमतीचं अर्धं करायचं आणि थोडं वर धरायचं. कॅश लागतेच, देवळातली तिकिटं, छोटी हॉटेलं, ट्रेनच्या कार्डाचा रिचार्ज. मी फॉरेक्स कार्ड नेलं आणि सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून काढत गेले, त्याला इंग्रजी मेनू असतो आणि बाहेरची कार्डं चालतात. कुठलंही मशीन "रुपयात चार्ज करू का" असं विचारेल तर नाही म्हणा, येनमध्येच करा, रुपयाचा रेट नेहमी महाग लावतात.

नाण्यांची वेगळी पाकीट हवी. एक, पाच, दहा, पन्नास, शंभर, पाचशे, सगळी नाणीच, आणि पाचशेचं नाणं म्हणजे पावणेतीनशे रुपयांच्या वर, आपण चिल्लर समजून दुर्लक्ष करतो. पाच आणि पन्नासला मधे भोक असतं. पाच येनला "गोएन" म्हणतात आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध, म्हणून देवळात पाचचं नाणं टाकतात. मी सगळी पाचची नाणी बाजूला काढून ठेवायचे.

टीप द्यायची नाही. ठेवलीत तर "तुमचे पैसे राहिले" म्हणून मागे येऊन परत देतील.

ट्रेन

उतरल्यावर पहिलं काम आयसी कार्ड घेणं. टोकियोत सुइका किंवा पास्मो, टुरिस्टांसाठी वेलकम सुइका असतं, ते २८ दिवस चालतं, डिपॉझिट नाही पण उरलेले पैसे परतही नाहीत, म्हणून थोडे थोडे भरा. आत जाताना टॅप, बाहेर पडताना टॅप, पैसे आपोआप कापले जातात. हेच कार्ड क्योतो-ओसाकातही चालतं, बसमध्ये चालतं, दुकानात चालतं, लॉकरला चालतं. फक्त टोकियो भागात टॅप करून बसलात आणि सरळ क्योतो भागात उतरलात असं करता येत नाही, लांबच्या प्रवासाचं तिकीट वेगळं.

दुसऱ्याच दिवशी माझ्या कार्डात १४० येन होते आणि भाडं २१० झालं होतं. गेटची झडप टप्पकन बंद, मागे ऑफिसची गर्दी, माझ्या पोटात गोळा. मागचा माणूस काही न बोलता शेजारच्या गेटला गेला, त्याच्या मागचेही गेले, कोणी "ओ बाई" केलं नाही. कोपऱ्यातल्या खिडकीतून स्टेशनवाले काका बाहेर आले, कार्ड बघितलं, मला गेटच्या आतच असलेल्या एका मशीनपाशी नेलं, कार्ड आत घालायला लावलं, स्क्रीनवर आकडा दाखवला आणि नोटेचा खाचा बोटाने दाखवला. हजारची नोट घातली, कार्ड भरलं, गेट उघडलं. या मशीनला सेइसान्कि म्हणतात, प्रत्येक मोठ्या स्टेशनात बाहेर पडायच्या गेटजवळ असतं, कमी पडलेलं भाडं तिथे भरता येतं, त्यामुळे बॅलन्स कमी असला तरी घाबरायचं कारण नाही. दंड वगैरे काही नाही.

स्टेशनपेक्षा एक्झिट महत्त्वाचा. शिंजुकूला २०० च्या वर एक्झिट आहेत, जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन ते, चुकीच्या बाजूने बाहेर आलात तर परत योग्य बाजूला जायला वीस मिनिटं आरामात. मॅपवर एक्झिटचा नंबर लिहिलेला असतो, तो ट्रेनमध्ये असतानाच बघून ठेवा, आणि उतरल्यावर पिवळ्या बोर्डावर तेवढाच नंबर शोधत चाला, बाकी काही वाचू नका. एस्कलेटरवर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे. ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत, फोन सायलेंटवर. सकाळच्या गर्दीत बायकांचा डबा असतो, प्लॅटफॉर्मवर गुलाबी खूण बघा. शेवटची ट्रेन रात्री बाराच्या आसपास, मग पहाटे पाचपर्यंत काही नाही आणि टॅक्सी महाग. टॅक्सीचं मागचं दार आपोआप उघडतं-बंद होतं, हात लावू नका.

जेआर पास, म्हणजे ठरावीक दिवस जपान रेल्वेने हवं तेवढं फिरायचा पास, त्याबद्दल सगळे विचारतात. २०२३ च्या ऑक्टोबरात ७ दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला. टोकियो-क्योतो एकदाच जायचं असेल तर साधं तिकीट साधारण १४,०००, मग पास कशाला? मी नाही घेतला. क्योतोला जाताना नोझोमी ही बुलेट ट्रेन सव्वादोन तासांत पोचवते, सीट ई अक्षराची मागा, उजवी खिडकी, निघाल्यावर पाऊण तासाने फुजी दिसतो. सकाळची ट्रेन घ्या, दुपारनंतर ढग येतात. माझ्या शेजारच्या आजोबांनी डबा खाता खाता मला कोपराने हळूच खुणावलं, बघते तर पूर्ण डोंगर, पांढरं टोक, मधे एक तारही नाही.

मोठी बॅग घेऊन बुलेट ट्रेनमध्ये बसू नका. लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर असेल तर वेगळी जागा रिझर्व्ह करावी लागते. त्यापेक्षा ताक्क्युबिन करा, म्हणजे हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहून द्यायचा, दुसऱ्या दिवशी बॅग तिथे. काळ्या मांजरीचं चिन्ह असलेली यामातो ही कंपनी सगळ्यात दिसते. एकट्या बाईसाठी याच्याइतकी कामाची सोय दुसरी नाही, जिने चढताना हात मोकळे.

खायचं काय

हा भाग जरा लांब लिहिते कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. जपानमध्ये भाजीतही मासा असतो, कारण दाशी. दाशी म्हणजे वाळवलेल्या माशाच्या किसाचा आणि समुद्री शेवाळाचा अर्क, आपल्याकडे फोडणी तशी तिकडे दाशी, सूप, सोबा नूडल्सचं पाणी, उकडलेला भोपळा, अंड्याचं ऑम्लेटसुद्धा. "व्हेज?" असं विचारलं तर समोरचा प्रामाणिकपणे "हो" म्हणतो, कारण वर मांस दिसत नाही. म्हणून वाक्य पाठ करा: "निकु तो साकाना वा ताबेमासेन", मांस आणि मासे खात नाही. आणि पुढे "दाशी मो दामे देस", दाशीही नको. हेच फोनवर जपानीत लिहून ठेवा आणि दाखवा. "नाही, जमणार नाही" असं सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते खरं सांगतायत हे चांगलंच. आता प्रत्येकाने आपली रेघ आधी ठरवावी. मी ठरवलं होतं की मासा-मटण दिसेल-लागेल असं खाणार नाही, पण दाशीसाठी दर वेळी अडून बसणार नाही. ज्यांचं कडक आहे त्यांनी स्वतःचा डबा आणि पूर्ण व्हेगन ठिकाणं धरून चालावं, मधलं काही नाही.

सकाळ कोन्बिनीत, म्हणजे गल्लोगल्लीच्या छोट्या दुकानांत. सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट, लॉसन, दर दोन मिनिटांवर एक, चोवीस तास. ओनिगिरी म्हणजे भाताचा त्रिकोणी गोळा, त्यात उमे वाला घ्या, उमे म्हणजे खारवलेलं आंबट फळ, आपल्या लिंबाच्या जुन्या लोणच्याच्या जवळची चव. पाकिटावर १, २, ३ आकडे असतात, १ ची पट्टी मधून खाली ओढायची, मग २ चा कोपरा, मग ३ चा, त्यामुळे बाहेरचं शेवाळ कुरकुरीत राहतं. पहिल्या दिवशी मी सरळ फाडलं आणि अर्धं शेवाळ प्लॅस्टिकबरोबर निघून गेलं. शिवाय अंड्याचं सँडविच, केळी, सोयाचं दूध, आणि साधं दही मिळतं, साखर नसलेलं बघून घ्या. पॅकेट फोनच्या कॅमेऱ्याखाली धरलं की ट्रान्सलेट होतं. आणि नोव्हेंबरात याकि-इमो, भाजलेलं रताळं! सुपरमार्केटच्या दारात गरम दगडांवर ठेवलेलं असतं, वास लांबून येतो, आत मधासारखं चिकट पिवळं. थंडीत दोन्ही हातांत धरून बाकावर बसून खाल्लं, मीठ-तूप काही लागलं नाही.

चालता चालता खात नाहीत, दुकानाच्या बाहेर उभं राहून संपवायचं आणि कचरा त्याच दुकानात परत द्यायचा. दुकानात बसून खाल्लं तर टॅक्स १० टक्के, बरोबर नेलं तर ८.

दुपारी काउंटरची हॉटेलं. खूप ठिकाणी दारातच कूपनचं मशीन असतं, आधी नोट घालायची, मग चित्राचं बटण, चिठ्ठी काउंटरवर ठेवायची. बोलायची गरजच नाही. टोकियो स्टेशनच्या आत टीज टान्टान नावाचं व्हेगन रामेनचं, म्हणजे सूपमधल्या नूडल्सचं, दुकान आहे, गेटच्या आतल्या बाजूला, म्हणजे ट्रेन बदलता बदलता जाता येतं. कोकोइचिबान्या या करीच्या चेनमध्ये काही दुकानांत व्हेज करी वेगळी मिळते. आणि भारतीय-नेपाळी हॉटेलं इतकी आहेत की अगदी छोट्या गावातही ताटाबाहेर जाणारा नान मिळतो. अगदीच घरची आठवण आली तर टोकियोत निशि-कासाई, एदोगावा वॉर्डात, तिथे भारतीय वस्ती मोठी, किराणा दुकानात पोहे आणि तूरडाळ बघून बरं वाटतं. मूळचे आपल्या महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या कौन्सिलवर निवडून आले होते.

रात्री सात-आठनंतर सुपरमार्केटमध्ये तयार डब्यांवर स्टिकर लावायला सुरुवात होते, आधी २० टक्के, मग अर्धी किंमत. त्या वेळेला जा. जेवायच्या आधी सगळे हात जोडून "इतादाकिमास" म्हणतात, एकटा माणूससुद्धा, ताटाकडे बघत. झाल्यावर निघताना "गोचिसोसामा देशिता" म्हणा, आचारी मान वर करून बघतो, फार खुश होतो.

मुळ्याचा गणपती

आसाकुसाला सेन्सोजीचं मोठं देऊळ सगळे बघतात. तिथून दहा-बारा मिनिटं चालत माचुचियामा शोदेन आहे, छोट्या टेकाडावर. हा आपला गणपती, तिकडे कांगितेन किंवा शोदेन म्हणतात. मूर्ती बघायला मिळत नाही, ती कायम झाकलेली असते, पण सगळीकडे मुळ्यांची आणि पैशांच्या बटव्याची चित्रं कोरलेली, आणि नैवेद्याला मोदकाऐवजी मुळा! आवारातच मिळतो, पांढरा, बोटांपासून कोपरापर्यंत येईल एवढा. तो देवासमोर ठेवायचा. वाहिलेले मुळे मग प्रसाद म्हणून लोकांना देतात. मलाही एक मिळाला.

माझ्या हॉस्टेलला किचन होतं. खाली दुकानातून दही आणलं, मुळा किसला, पाणी पिळून काढलं, मीठ, साखर, बरोबरची शेंगदाण्याची चटणी, कोशिंबीर तयार. शेजारी ओकिनावाहून आलेली एक मुलगी भांडं धूत होती, तिला वाटीत दिली. तिने हात जोडून इतादाकिमास म्हटलं आणि मग विचारलं, हे कुठून आणलं, मी सांगितलं देवाने दिलं, आणि फोनवर ट्रान्सलेट करून तिला दाखवलं तेव्हा ती उठून उभीच राहिली.

रूम आणि आंघोळ

एकटीला तीन पर्याय: बिझनेस हॉटेल, छोटी पण स्वच्छ रूम, बाथरूम आत, मला हेच पटलं; हॉस्टेल, बायकांची वेगळी डॉर्म असते; कॅप्सूल, म्हणजे झोपण्यापुरता खोका, बायकांचा मजला वेगळा असला तरच घ्या, मी एक रात्र राहिले, पुरे झालं. टॉयलेटला जेट असतो त्यामुळे आपल्या लोकांची मोठी काळजी मिटते, बटणांवरची चित्रं बघा आणि बंद करायचं बटण आधी शोधून ठेवा, त्यावर सहसा चौकोन असतो.

एकदा तरी सेन्तोला, म्हणजे गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहाला जा, टोकियोत साडेपाचशे येनच्या आसपास. बायका-पुरुष पूर्ण वेगळे. सगळे कपडे काढायचे, स्विमसूट चालत नाही, आणि खरं सांगते, मी कपड्यांच्या खोलीत दहा मिनिटं नुसती बसून होते. एका आजींनी बघितलं, ऐंशीच्या तरी असतील. जवळ येऊन "हितोरी?" मी मान हलवली. त्यांनी मला हाताने आत नेलं, छोटं स्टूल आणि बादली दिली, आधी इथे बसून साबण लावून पूर्ण अंग धुवायचं असं करून दाखवलं, मग छोटा टॉवेल घडी करून स्वतःच्या डोक्यावर ठेवला, टॉवेल पाण्यात बुडवत नाहीत ना, आणि मग हौदात उतरल्या. मी मागोमाग. पाणी चांगलंच कढत. कोणीही कोणाकडे बघत नाही, दोन मिनिटांत लाज कुठे गेली कळलं नाही. केस वर बांधा, पाच मिनिटांनी बाहेर बसा, पाणी प्या. टॅटू असेल तर दारावरचा नियम आधी बघा. हॉटेलात युकाता, म्हणजे सुती किमोनो, दिला तर डावी बाजू वर, उजवी खाली, उलटं फक्त मृताला नेसवतात.

क्योतो, थोडक्यात

फुशिमी इनारीची हजारो लाल कमानींची वाट चोवीस तास उघडी, तिकीट नाही. सकाळी साडेसहाला पोचा, नऊनंतर नुसती डोकी दिसतात. क्योतोहून दुसरं स्टेशन, पण रॅपिड ट्रेन तिथे थांबत नाही, लोकल घ्या. बसमध्ये मागून चढायचं, पुढून उतरताना २३० येन. बस फार भरतात, जमेल तिथे सबवे आणि पाय. गिओन या गेइशांच्या भागातल्या खाजगी गल्ल्यांत शिरू नका, २०२४ पासून बंदी आहे, १०,००० येन दंडाचे बोर्ड लावलेत, आणि गेइशांचे फोटो त्यांना अडवून काढू नका, त्या कामावर चाललेल्या असतात.

याच क्योतोत मी बसमध्ये माझी कापडी पिशवी विसरले. चष्मा, पॉवरबँक, नाण्यांची पाकीट त्यात. हॉटेलच्या रिसेप्शनवर जाऊन "वासुरेमोनो" एवढाच शब्द बोलले, म्हणजे विसरलेली वस्तू. तिथल्या मुलीने बसचा नंबर, चढल्याची वेळ, पिशवीचा रंग, आत काय काय, सगळं लिहून घेऊन फोन केला. दुसऱ्या दिवशी डेपोत गेले तर एका काकांनी ट्रेमध्ये प्रत्येक वस्तू ओळीने मांडून ठेवलेली, आणि माझ्यासमोर नाणी मोजली, ३,८४६ येन, तो शेवटचा एकसुद्धा वेगळा ठेवून. मी सही केली. तर सांगायचं म्हणजे रोज ज्या बस-ट्रेनने गेलात तिचा नंबर आणि वेळ फोनमध्ये नोंदवत जा, वस्तू परत मिळायला तेच लागतं.

पुण्याच्या लोकांनी एक दिवस काढून ओकायामाला जावं, क्योतोहून बुलेट ट्रेनने तासाभरावर. तिथलं कोराकुएन, १७०० साली पूर्ण झालेली बाग, हिच्यावरूनच सिंहगड रोडचं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान केलंय. पुलावर उभी राहिले आणि शाळेच्या सहलीतला तोच पूल आठवला.

कोयासान

एकच रात्र जास्तीची मिळणार असेल तर ती इथे घाला. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल ट्रेन, मग बस, स्टेशनपासून गावापर्यंतच्या रस्त्यावर चालायला बंदी आहे म्हणून बसच. साधारण ८०० मीटर उंचीवर, थंडी कडक. पन्नासेक मठांत राहता येतं, काही ठिकाणी एकट्या माणसाला रूम देत नाहीत किंवा जास्त घेतात, बुकिंग करताना एक माणूस टाकूनच शोधा. साडेपाच-सहाला जेवण, शोजिन र्योरी, म्हणजे मठाचं शाकाहारी जेवण, कांदा-लसूणही नाही, तिळाचा तोफू, आणि कोया-दोफू, गोठवून वाळवलेला, स्पंजसारखा, रस पिऊन बसलेला. तेरा दिवसांत इथे मी काही न विचारता जेवले. पहाटे सहाच्या सुमारास प्रार्थना असते, उठाच.

मग ओकुनोइन. दोन किलोमीटरची वाट, दोन्हीकडे शेकडो वर्षांचे वृक्ष आणि दोन लाखांहून जास्त समाध्या. पाच दगड एकावर एक रचलेल्या समाध्या दिसतील, त्यावर अक्षरं कोरलेली, ती जपानी नाहीत, ती सिद्धम लिपी, आपल्या देवनागरीच्याच घराण्यातली. वरून खाली ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. पंचमहाभूतं. मी एका शेवाळलेल्या दगडापाशी वाकून "र" शोधत होते आणि सापडला तेव्हा अंगावर काटा आला. शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढायचे नाहीत.

गावातच कोयासान विद्यापीठ आहे, तिथे बाबासाहेबांचा पुतळा, २०१५ मध्ये बसवलेला. आवारात मला दुसरं कोणी दिसलं नाही. थंडी होती, पुतळ्याच्या पायाशी पानं पडलेली, मी बराच वेळ तिथे बसले होते.

काही झालं तर

पोलीस ११०, ॲम्ब्युलन्स आणि आग ११९. टुरिस्टांसाठी चोवीस तास इंग्रजीत बोलणारी लाइन ०५०-३८१६-२७८७. चौकाचौकात छोटी पोलीस चौकी असते, कोबान, पत्ता विचारायलासुद्धा बिनधास्त जा, नकाशा काढून देतात. पासपोर्ट कायम अंगावर हवा, तिथला कायदाच आहे. भूकंपाचा अलर्ट आला तर फोन मोठ्याने वाजतो, सगळ्यांचे एकदम, दचकायला होतं, बाहेर पळू नका, टेबलाखाली जा, डोकं झाका. घरी एकच वेळ ठरवून रोज मेसेज करा, मी रात्री नऊला करायचे, आईची साडेपाच वाजताची चहाची वेळ.

शेवटच्या दिवशी नाणी संपवा, भारतात नाणी कोणी बदलून देत नाही. कोन्बिनीच्या सेल्फ-चेकआउटला खूपदा नाण्यांची ओंजळच ओतता येते, मशीन मोजतं, उरलेलं कार्डाने भरायचं. माझ्याकडे तरीही पाच येनची सात नाणी राहिली, ती मी ओसाकात एअरपोर्टला निघायच्या आधी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका छोट्या देवळात टाकून आले.